गुरुराजरावांची रेघ

दोन माणसं भांडताना दिसली की गुरुराजरावांना भूक लागायची. ही माझी थट्टा नाही, त्यांच्या बायकोची, म्हणजे मामींची, चाळीस वर्षांची तक्रार आहे. समोरच्या वळणावर रिक्षावाला आणि फुलवाली हमरीतुमरीवर आले, की हे लुंगीसारखी नेसलेली वेष्टी सावरत स्वयंपाकघराच्या दाराशी उभे. "खायास कांहीं आहे कीं?" मामी कपाळाला हात लावून मुरुक्कूचा, म्हणजे इकडच्या चकल्यांचा, डबा काढून द्यायच्या, आणि तो डबा घेऊन हे थेट भांडणाच्या मधोमध. तोंडात मुरुक्कू असताना माणसाला नीट भांडता येत नाही, असा त्यांचा सिद्धांत. तो खराही असेल. पण तोंडात मुरुक्कू असताना सगळ्यात जास्त बडबड तेच करायचे आणि तुकडे समोरच्याच्या शर्टावर उडायचे, हे काही त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.

नवऱ्याची कुंभकोणमला बदली झाली तेव्हा आम्ही नाशिकहून येऊन गुरुराजरावांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. खाली ते आणि मामी. तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आलेल्या मराठी घराण्यांतलं हे एक. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर पाय पडला की तमिळ. त्यांचं मराठी ऐकताना मला पणजोबांशी बोलतेय असं वाटायचं. माझं ऐकून त्यांना काय वाटायचं ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "बाई, तुम्ही बहुत शीघ्र बोलतां. कोणी पाठीस लागलें आहे कीं?"

नोकरी त्यांनी वनखात्यात केली. पश्चिमेकडच्या डोंगरांत फॉरेस्टर म्हणून सारा जन्म हत्ती आणि चंदनचोर यांच्यामागे पायपीट. आणि निवृत्त होऊन परतले कुठे, तर कुंभकोणमला, जिथे नजर जाईल तिथवर भातशेती, आणि भातशेती संपली की देऊळ. जंगलाच्या माणसानं इथे करायचं काय? पहिलं वर्ष त्यांनी गल्लीतल्या कडुलिंबांना नंबर घालण्यात काढलं. नगरपालिकेचा माणूस फांद्या तोडायला आला की हे त्याला झाडाचा नंबर विचारायचे आणि तो सांगता आला नाही की हाकलून द्यायचे. दुसऱ्या वर्षी त्यांना मरुदमेडू सापडलं, आणि मामींच्या म्हणण्याप्रमाणे गल्ली सुटली.

मरुदमेडू म्हणजे कोळ्ळिडम नदीच्या काठची सरकारी जंगलाची एक पट्टी. तिरुप्पनंदाळच्या पुढे बसमधून उतरून बांधावरून चालत गेलं की लागते. मरुदम म्हणजे आपला अर्जुनवृक्ष. तिथे जुने, दोघांच्या कवेत न मावणारे अर्जुन आहेत, आणि त्यांच्यावर दिवसभर हजारोंनी वटवाघळं लटकलेली असतात. जंगल म्हणावं तर एवढंसं. पण त्याच्यावर हक्क सांगणारे मात्र भरपूर.

काठावरच्या वस्तीतली चिन्नप्पोण्णु पाल्यासाठी शेळ्या आत सोडायची. वीरैयन आणि त्याचे भाऊबंद चटया विणायला लव्हाळे कापायचे. आणि नाचियार्कोविलचे दिवे ओतणारे मुत्तु आसारी आपली माणसं घेऊन गाळ उकरायला यायचे, कारण दिव्याच्या साच्याला लागणारा बारीक गाळ त्यांच्या जवळच्या काठावर मिळेनासा झाला होता. शेळ्या लव्हाळे तुडवायच्या म्हणून वीरैयन भडकायचा. गाळ उकरला की झाडांची मुळं उघडी पडायची म्हणून चिन्नप्पोण्णु आसारींना शिव्या द्यायची. कोयत्यांच्या आवाजानं वटवाघळं उठतात, असं आसारी वीरैयनबद्दल खात्याला कळवायचे. आणि खात्याला हे तिघंही नको होते. शेवटी तरुण रेंजरसाहेबांनी निर्वाणीचं सांगितलं: पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, सगळ्यांच्या सह्यांचा एकच आराखडा द्या, नाहीतर पट्टीला तारेचं कुंपण पडेल आणि मग आत कुणीच जाणार नाही. त्यासाठी समिती करायची ठरली, पण तिचं चिटणीसपद घ्यायला कोणी तयार नव्हतं. गुरुराजरावांना अर्थातच भूक लागली होती.

आता समिती म्हटली की सभेचा वृत्तान्त आला. तो कोणी लिहायचा यावरून पहिली सभा मोडली, कारण ज्याच्या हातात वही तो आपल्या सोयीचं लिहिणार. दुसऱ्या दिवशी गुरुराजराव जिना चढून वर आले. "बाई, तुम्हांस तमिळ धड येत नाहीं. नात्यागोत्याचें इथें कोणी नाहीं. शेळ्याही नाहींत. तुमच्याइतका निःपक्षपाती मनुष्य ह्या तालुक्यांत दुसरा कोण?"

माझा एवढा मोठा गौरव आणि एवढा मोठा अपमान एकाच वाक्यात आजवर कोणी केलेला नाही. पण गेले. ते तमिळ बोलणं मला मराठीत सांगायचे, मी ते मराठीत लिहायची, आणि ती वही समितीत सगळ्यांनी डोळे मिटून मान्य केली, कारण ती कुणालाच वाचता येत नव्हती. रेंजरसाहेबांनी एकदा ती उलटीसुलटी करून पाहिली आणि गंभीरपणे परत दिली.

सभा व्हायची जंगलाबाहेरच्या एका चिंचेखाली. तिचीही एक पद्धत होती आणि ती गुरुराजरावांनी डोंगरातून आणली होती की स्वतःच्या डोक्यातून काढली होती, देव जाणे. बसण्याआधी प्रत्येकानं आपलं हत्यार विरोधकाच्या हाती द्यायचं. चिन्नप्पोण्णुची शेळ्या हाकायची काठी आसारींकडे. आसारींची गाळ चाळायची चाळण वीरैयनकडे. वीरैयनचा कोयता चिन्नप्पोण्णुच्या मांडीवर. पहिल्या दिवशी तो कोयता तिच्याकडे गेलेला पाहून मी माझी चटई जरा मागे ओढली होती. रेंजरसाहेब म्हणाले, माझ्याकडे हत्यार नाही. गुरुराजरावांनी हात पुढे केला आणि त्यांचा मोबाइल घेऊन चिन्नप्पोण्णुला दिला. तिनं तो पदराला बांधला.

मी विचारलं, हा काय प्रकार? तर म्हणाले, "रागानें उठून जाणारा मनुष्य रिकाम्या हातीं कसा जाईल? आपलें हत्यार मागायास तरी त्यास शत्रूपाशीं जावें लागतें. मागावयास गेला कीं बसतो." आणि खरंच, माणसं उठायची, चार पावलं जायची, हातात दुसऱ्याची चाळण आहे हे बघायची आणि चडफडत परत बसायची. मग मामींचा डबा उघडायचा. त्यात कधी वांगीभात, कधी डांगर पचडी आणि पुऱ्या. एकदा सभा अशी तापली की डबा तीनदा फिरला, आणि मी वहीत लिहिलं: आज काहीही ठरलं नाही, परंतु वांगीभात संपला.

असं करत करत कार्तिकाच्या सुमारास ठरलं. जुन्या अर्जुनांच्या कडेनं एक रेघ. रेघेच्या अलीकडे शेळ्या, लव्हाळे आणि गाळ यांचे वार वाटून घ्यायचे. रेघेच्या पलीकडे फक्त पाला गोळा करायला आणि तोही ठरलेल्या दिवशी जायचं. आणि मासी-पंगुनी या, आपल्या फाल्गुन-चैत्राच्या सुमारास येणाऱ्या, दोन महिन्यांत वटवाघळांची पिलं आईला लोंबकळत असतात, तेव्हा रेघ ओलांडून कोणीही जायचं नाही. पाळीपाळीनं एकेकानं राखण करायची. शेवटचं कलम गुरुराजरावांनी स्वतः घातलं: याला अपवाद नाही. ते कलम सांगताना ते इतके खूश दिसत होते की मला त्यांची भीती वाटली.

राहिलं रेघ आखणं. हद्दीच्या झाडांना खात्याचा पिवळा रंग लावायचा होता, तो रंग कुठल्यातरी कार्यालयात अडकला होता. पोंगल जवळ येत चाललेला. थांबणं हा गुरुराजरावांचा स्वभाव नव्हे. आमच्या परसात गल्लीतल्या देवळाच्या रंगकामातून उरलेला चुना आणि काव पडली होती. ती दोन बादल्यांत कालवून, बस कंडक्टरची समजूत घालून, हे मरुदमेडूला गेले आणि एकवीस झाडांना पांढरा, तांबडा, पांढरा, तांबडा असे पट्टे मारून आले. डोंगरात त्यांनी हद्दीची झाडं जन्मभर अशीच रंगवली होती. घरी आले तेव्हा मिशीसुद्धा दोन रंगांची होती.

आता इकडे देवळाच्या भिंतीवर याच दोन रंगांचे पट्टे असतात. तान्ह्या पोरालासुद्धा कळतं की हे पट्टे दिसले की आत देव आहे, चप्पल काढा. हद्दीच्या झाडाला पट्टे लागतात हे डोंगरातल्या फॉरेस्टरला कळत होतं आणि पट्ट्यांमागे देव असतो हे कुंभकोणमच्या गुरुराजरावांना कळत होतं. पण बादलीत काव कालवताना त्या दोघांची गाठ पडली नाही.

मार्गळी महिना लागला. पहाटे उठून अंगणात रांगोळ्या काढायचा, देवाधर्माचा महिना. पहिल्याच आठवड्यात सगळ्यात मोठ्या अर्जुनाच्या बुंध्याशी कोणीतरी रांगोळी काढली. मग हळदीचा दोरा आला. मुत्तु आसारींनी, स्वतः मुत्तु आसारींनी, एक पितळी दिवा आणून ठेवला. वीरैयननं उन्हाला आडोसा म्हणून चटईचं छत बांधलं. चिन्नप्पोण्णुनं आपल्या लाडक्या शेळीच्या गळ्यातली घंटा काढून फांदीला टांगली. वर्षानुवर्षं भांडणारी ही तीन माणसं पहिल्यांदाच एका कामात एकत्र आली होती आणि ते काम बेकायदेशीर होतं. मग एके दिवशी चौथऱ्यासाठी सिमेंटच्या गोण्या येऊन पडल्या, आणि त्यापाठोपाठ रेंजरसाहेब.

साहेब माणूस वाईट नव्हता. पण सरकारी जंगलात बांधकाम म्हणजे अतिक्रमण, आणि वरून त्यांना विचारणा झाली होती. पोंगलच्या आधी हे सगळं हललं नाही तर आराखडा फाडायचा, तार लावायची. तार म्हणजे चिन्नप्पोण्णुच्या शेळ्या विकायला काढायच्या, वीरैयनच्या घरातले माग बंद आणि आसारींचं ओतकाम परक्या गाळावर. हे सगळं दोन बादल्या रंगामुळे.

गुरुराजरावांनी चिंचेखाली सगळ्यांना जमवलं आणि उभं राहून कबुली दिली. तो रंग आमच्या परसातला. उरलेला. देवाबिवाचा काही संबंध नाही, माझी चूक झाली, तुम्ही सगळे मला क्षमा करा. मी वहीत लिहायचं विसरले.

चिन्नप्पोण्णु शांतपणे म्हणाली, "रावसार, रंग तुम्ही लावलात हे आम्हाला ठाऊक आहे. लावताना बघितलं की आम्ही. पण परसात इतकं सामान पडलेलं असताना नेमक्या त्याच बादल्या उचलायची बुद्धी तुम्हाला कोणी दिली?"

वीरैयननं मान डोलावली. आसारींनीही. एका म्हातारीनं तर पुढे होऊन गुरुराजरावांचे पाय धरले. कबुली द्यायला गेलेला माणूस निम्मा देव होऊन परत आला.

घरी ताट वाढलं तर म्हणाले, नको. दुसऱ्या दिवशी गल्लीत पाण्याच्या टँकरवरून जोरदार भांडण झालं, आणि हे खुर्चीतून हलले नाहीत. तेव्हा मात्र मामी घाबरून वर आल्या. "बाई, बाहेर एवढें भांडण चाललें आहे आणि ह्यांस भूक नाहीं. डॉक्टरांस बोलवूं कीं?"

आम्ही दोघी खाली गेलो. ते वटवाघळांबद्दल बोलत होते, स्वतःशीच. तार लावायला माणसं येणार, खड्डे खणणार, ऐन पिलांच्या महिन्यात. मामींनी सगळं ऐकून घेतलं. त्या कधी मरुदमेडूला गेल्या नव्हत्या, पण तिथल्या भांडणांना त्यांनी जेवू घातलं होतं, त्यामुळे त्यांना सगळं माहीत होतं.

"देवास हलवतां येत नाहीं कीं काय?" त्या म्हणाल्या. "देउळाचें काम काढलें म्हणजे देवास कुंभांतल्या पाण्यांत बोलावतात, दुसरीकडे नेऊन ठेवतात. एवढ्या मोठमोठ्या देउळांतले देव जातात. तुमचा महिन्याभराचा देव, त्यास एवढा काय मान?"

गुरुराजराव खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "सकाळची पुरी आहे कीं?"

वस्तीतल्या अय्यनारच्या, म्हणजे गावराखण्या देवाच्या, पुजाऱ्याला विचारलं, तर तो एका पायावर तयार. घरी आलेल्या पाहुण्या देवाला कोण नाही म्हणणार? प्रश्न उरला कुंभ कोणी उचलायचा. त्यावर इतकं भांडण झालं की डबा दोनदा फिरला. अखेर गुरुराजरावांनी तोड काढली. देव एकवीस झाडांवर आहे, तर कुंभ एकवीस झाडांना नेऊन मगच गावात जाईल, आणि दर झाडाशी हात बदलेल. आणि ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याच्याच हाती द्यायचा.

ती मिरवणूक मी पाहिली. पुढे सनई नाही, वाजंत्री नाही, कारण वटवाघळं. कडेनं सगळे मुकाट चाललेले. चिन्नप्पोण्णुनं कुंभ आसारींना दिला, आसारींनी वीरैयनला, वीरैयननं रेंजरसाहेबांना. साहेबांनी बूट काढले होते, चौथ्या झाडापाशी त्यांच्या पायात काटा गेला. कुंभ हातात, वाकता येईना. चिन्नप्पोण्णुनं खाली बसून तो काढला आणि वर म्हणाली, "आता कळलं, शेळ्यासुद्धा या बाजूला यायला का नको म्हणतात?" त्या लोकांनी ती हद्द आयुष्यभर ओलांडली होती, पण तिच्या कडेनं एकत्र चालत ती पहिल्यांदाच पाहिली. दोन झाडांच्या मध्ये कुठे गाळ आहे, कुठे लव्हाळे चांगले येतात, हे एकमेकांना दाखवत चालले होते. कुंभ अय्यनारपाशी टेकला. दिवा, घंटा, छत सगळं मागोमाग गेलं. पट्टे धुऊन काढले. खात्याचा पिवळा रंग त्याच सकाळी येऊन पोहोचला होता, त्यावर गुरुराजराव जे बोलले ते मी वहीत लिहिलेलं नाही. सह्या आणि अंगठे पोंगलच्या आदल्या दिवशी झाले.

मला वाटलं, झालं, आता हे निवांत होतील. छे. त्यांना नवीनच घोर लागला. देव होता तोवर रेघ ओलांडायची कोणाची छाती नव्हती. आता देवही गेला आणि तारही नाही. नुसता पिवळा रंग. "बाई, रंगास कोण भितो?" हे त्यांनी मला इतक्या वेळा विचारलं की मी जिन्यावरून दबकत ये-जा करू लागले.

त्यातच त्यांची तब्येत खालावली. छातीत दुखू लागलं, मैसूरला असलेली त्यांची मुलगी येऊन हट्ट धरून बसली. खालचं घर बंद करायचं, दोघांनी तिकडेच राहायचं. निघायचा दिवस ठरला तो पंगुनी महिन्यातला. आदल्या दिवशी मला म्हणाले, चला, एकदा पिलें बघून येऊं. जन्मभर जंगलांत काढला, वाघुळाचें पिल्लू आईच्या पोटाशीं धरलेलें जवळून पाहिलें नाहीं.

मला कलम आठवत होतं. त्यांनाही आठवत असणारच. पण त्या चेहऱ्याकडे बघून मी वही पिशवीत घातली आणि निघाले.

बांधावरून चालायला त्यांना फार वेळ लागला. एका हातात छत्री, दुसरा माझ्या खांद्यावर. रेघेपाशी चिन्नप्पोण्णु बसली होती, तिची पाळी होती. शेळ्या लांब अलीकडे चरत होत्या. ती उठली आणि पिवळ्या रंगाच्या झाडासमोर उभी राहिली. पुढचं सगळं तमिळमध्ये झालं, पण एवढं तमिळ मला एव्हाना कळत होतं.

"आज बंद आहे, रावसार."

"मला ठाऊक आहे. कलम मीच घातलं," गुरुराजराव म्हणाले. "पाच मिनिटं. उद्या गाव सोडून जातोय मी."

"ठाऊक आहे."

"मी चिटणीस आहे."

"होय, सार."

"अगं, परत येईन की नाही कोण जाणे." आवाज चढला होता. त्यांना मी कोणाशी भांडताना पहिल्यांदाच बघत होते. "मी काय शेळी आहे? मी काय लव्हाळे कापणार आहे?"

चिन्नप्पोण्णुचे डोळे भरून आले होते, पण ती बाजूला झाली नाही. तिनं हात पुढे केला. "सार, छत्री द्या."

मग त्यांनी छत्री दिली. तिनं आपली शेळ्या हाकायची काठी त्यांच्या हातात ठेवली, झाडाच्या अलीकडे पदरानं जागा झाडली आणि डब्यातला ताकभात केळीच्या पानावर काढला. बरोबर लिंबाचं लोणचं. "बसा. खाऊन घ्या आधी."

गुरुराजराव काठी टेकत बसले. डावा पाय रेघेवर जात होता, तो त्यांनी हातानं उचलून अलीकडे घेतला. वर आत कुठेतरी वटवाघळं कुरकुरत होती, दिसत नव्हती. त्यांनी भाताचा घास घेतला, आणि मग त्यांचा चेहरा असा काही फुलला की मी आजवर तसा पाहिलेला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडात भात होता, तरी बोलणं थांबेना.

"बाई, वही आणिली आहे कीं?"

"आणली आहे."

"मग लिहा. पंगुनी मास. आज आंत कोणीही गेलें नाहीं."